धक्का: आकड्यातला आणि हातातला

फिजिक्समधलं एक गणित आपण सगळ्यांनीच सोडवलंय. अमुक किलोची तोफ, तमुक किलोचा गोळा, गोळ्याचा वेग एवढा, तर तोफ किती वेगाने मागे सरकेल? संवेग अक्षय्यतेचा नियम, एक भागाकार, दोन मार्क खिशात. त्या गणितात तोफेमागे माणूस उभा नसायचा. असला तरी "त्याला काय वाटलं?" असा उपप्रश्न बोर्डाने कधी विचारला नाही.

गेले दोन महिने माझे शनिवार नेमके त्याच उपप्रश्नावर खर्च होताहेत. वेगवेगळ्या कॅलिबरच्या पिस्तुलांपैकी कुठलं हाताला किती झटका देतं? वाटतं की तक्ता बघितला की झालं. तसं होत नाही, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगतो. मी सध्या टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. इंजिनिअरिंगचा एक मित्र तीन गल्ल्या सोडून राहतो. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हॉस्पिटलच्या फार्मसीत रात्रपाळी करतात. पहाटे सुटतात आणि रिकाम्या पार्किंगमधून एकट्या गाडीपर्यंत चालत जातात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या कॉलनीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या. त्यानंतर एका रविवारी जेवताना वहिनींनी शांतपणे जाहीर केलं, "मी पिस्तूल घेणार आहे." मित्राने वरणाची वाटी खाली ठेवली आणि काहीच बोलला नाही. तो असा गप्प झाला की समजायचं, विरोध आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे.

दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने वहिनींकडे एक नजर टाकली आणि एक छोटंसं, चंदेरी, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं .३८ रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. लहान हात, लहान पर्स, लहान बंदूक. "बायकांसाठी हेच बेस्ट!" वहिनींना ते आवडलंही. वजन जवळपास नाहीच. पण वहिनी फार्मासिस्ट आहेत, डोस तपासल्याशिवाय औषध देत नाहीत. त्या म्हणाल्या, आधी चालवून बघू, मग घेऊ. मित्राने मला फोन केला, "तुझ्याकडे एक्सेल आहे, माझ्याकडे बीपीचा त्रास आहे. तू चल."

एक मधली भानगड होती. मी एच-१बीवर आहे. अशा व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यातच मोडतं. जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे शिकारीचा चालू परवाना! त्यामुळे आजवर झुरळापलीकडे काहीही न मारलेला मी आता अधिकृत शिकारी आहे. आईला अजून सांगितलेलं नाही :)

असो. तर एक्सेल.

गोळी पुढे जाते तेव्हा तिच्यासोबत जळलेल्या दारूचा वायूही सुसाट बाहेर पडतो. दोघांचा मिळून जेवढा संवेग पुढे, तेवढाच पिस्तुलाचा मागे. त्यावरून मागे येणाऱ्या पिस्तुलाची ऊर्जा काढायची: संवेगाचा वर्ग भागिले वजनाची दुप्पट. वजन भागाकारात खाली आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. काडतुसाच्या ब्रँडप्रमाणे आकडे थोडे हलतात, पण नेहमीची काडतुसं धरून मला साधारण असं मिळालं:

.२२ एलआर, सव्वा किलोचं टार्गेट पिस्तूल: अर्धा ज्यूलसुद्धा नाही.
.३८ स्पेशल, चार इंची नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर, सुमारे १.२ किलो: सव्वातीन ज्यूल.
९ एमएम, ग्लॉक १७, मोजक्या गोळ्यांसकट सुमारे ८०० ग्रॅम: ६ ज्यूल.
.४५ एसीपी, पोलादी १९११, सुमारे १.२ किलो: सव्वासात ज्यूल.
.३८ स्पेशल, तेच दुकानातलं छोटं रिव्हॉल्व्हर, अर्ध्या किलोच्या आत: साडेसातच्या आसपास.
.४० एस अँड डब्ल्यू, ग्लॉक २२, सुमारे ८५० ग्रॅम: ९ ज्यूल.
.३५७ मॅग्नम, वरचंच पोलादी रिव्हॉल्व्हर: १० ज्यूल.
.४४ मॅग्नम, लांब नळीचं, जवळपास दीड किलोचं रिव्हॉल्व्हर: २० ज्यूलच्या वर.

अंदाज यावा म्हणून सांगतो. ६ ज्यूल म्हणजे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली सव्वा मीटरवरून हातावर पडली. २० ज्यूल म्हणजे दोन लिटरची बाटली एक मीटरवरून.

यादीत .३८ दोनदा आलंय ते बघा. काडतूस तेच, आणि धक्का दुपटीहून जास्त. छोट्या नळीतून गोळी थोडी हळूच निघते, तरीही. फरक फक्त वजनाचा. "बायकांसाठी बेस्ट" म्हणून जे दाखवलं होतं, ते कागदावर अमेरिकन सैन्याने १९११ ते १९८५ एवढा काळ वापरलेल्या .४५ च्या बरोबरीने धक्का देतं.

(जाता जाता: .३८ आणि .३५७ या दोन्हींच्या गोळीचा व्यास खरं तर एकच आहे. त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ ची काडतुसं सुखाने उडवता येतात. एकाच हत्यारात दोन काडतुसांची तुलना करायला याहून चांगली सोय नाही.)

हा तक्ता खिशात घालून आम्ही रेंजवर गेलो. तिथले काका, वय सत्तरीच्या पुढचं, आधी अर्धा तास नुसते नियम सांगत बसले. प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं. नळी कायम समोर. नेम धरेपर्यंत बोट चापापासून बाहेर. गोळीच्या पलीकडे काय आहे ते माहीत असलं पाहिजे. कानात प्लग, वर मफ, डोळ्यांवर चष्मा. मग सात यार्डांवर, म्हणजे साडेसहा मीटरपेक्षा जरा कमी अंतरावर, जेवणाची एक कागदी प्लेट टांगली.

.२२ ने सुरुवात. हिला धक्का म्हणणं म्हणजे दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा अपमान होईल. नळी जरा थरथरते, झालं. वहिनींच्या पाचच्या पाच गोळ्या प्लेटमध्ये. आपल्याकडे पिस्तूल म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत आठवते. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये तिने २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, ते याच .२२ काडतुसावर. खेळात गोळीची ताकद नाही, छिद्राची जागा मोजतात.

मग ९ एमएम. इथे पहिल्यांदा हाताला कळतं की काहीतरी झालं. मनगट वर उचललं जातं, कारण नळी मुठीच्या वर असते आणि धक्का सरळ मागे न येता पिस्तुलाला फिरवतो. म्हणूनच काका मूठ जितकी वर सरकवता येईल तितकी सरकवायला लावत होते. एक गरम रिकामं काडतूस माझ्या कॉलरमध्ये पडलं, ते वेगळं.

आता गंमत. .४० आणि .४५ एकापाठोपाठ चालवा. नावातला आकडा सांगतो की .४५ मोठं, म्हणजे धक्काही त्याचाच मोठा असणार. आम्हा तिघांचंही मत उलट पडलं. १९११ मधलं .४५ ढकलतं. संध्याकाळी दादर स्टेशनवर मागची गर्दी तुम्हाला डब्यात ढकलते ना, तसं. जोर असतो, पण वेळ देऊन. .४० मात्र चापट मारतं. एक्सेलमध्ये परत गेलो तर कारण तिथेच होतं, फक्त मी चुकीच्या कॉलमकडे बघू नये यासाठी अजून एक कॉलम हवा होता: पिस्तूल मागे येण्याचा वेग. जड पोलादी .४५ सेकंदाला साडेतीन मीटरने मागे येतं, हलकं .४० पावणेपाच मीटरने. शिवाय .४५ हे कमी दाबाचं काडतूस, कमाल २१,००० पीएसआयचं. .४० आणि ९ एमएम दोन्ही ३५,००० चे. हेच .४५ हलक्या प्लास्टिकच्या पिस्तुलात घाला, म्हणजे त्याचा सगळा सभ्यपणा निघून जाईल. म्हणजे ".४५ चा धक्का" असं काही नसतंच. "या पिस्तुलातल्या .४५ चा धक्का" असतो.

.३५७ मॅग्नमने अजून एक गोष्ट शिकवली. बंद रेंजमध्ये हिचा आवाज छातीत बसतो आणि नळीच्या तोंडाशी जाळ दिसतो. पहिल्या दिवशी मित्र नुसत्या मफवर होता. तो म्हणाला, सहन होत नाही, मनगट गेलं. पुढच्या शनिवारी आत प्लग, वर मफ अशी डबल बंदोबस्ती केली. तेच रिव्हॉल्व्हर, तेच काडतूस. म्हणाला, "आज धक्का कमी आहे रे." ज्यूल तेवढेच होते. हाताला बसणाऱ्या धक्क्यात कानाचा बराच वाटा असतो, आणि तो कुठल्याच सूत्रात नाही.

.४४ मॅग्नम मी दोनच गोळ्या चालवलं. १९७१ च्या 'डर्टी हॅरी'मुळे जगप्रसिद्ध झालेलं हेच ते. नळी छताकडे गेली, आणि मागच्या बाकावरची वहिनींची पर्स हलली असं त्या शपथेवर सांगतात. घाबरवलं, पण दुखवलं मात्र नाही. मूठ मोठी, रबरी, हातभर पसरलेली.

दुखवलं ते त्या छोट्या चंदेरी रिव्हॉल्व्हरने. आकड्यात .४४ च्या जेमतेम एक तृतीयांश. पण मूठ अशी अरुंद की करंगळीला जागाच नाही, आणि सगळा धक्का अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातल्या एका पट्टीवर. पाच किलो बटाटे पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून आणून बघा आणि मग कापडी पिशवीतून. वजन तेच, पण एक पिशवी बोटं कापते. रिव्हॉल्व्हरमध्ये मागेपुढे होणारी स्लाइडही नसते. पिस्तुलात स्लाइड आणि स्प्रिंग मिळून धक्का थोड्या जास्त वेळात पसरवतात. इथे ती सोय नाही. पाच गोळ्यांनंतर वहिनींच्या बेचक्यात लाल रेघ उमटली होती, आणि प्लेटला छिद्रं दोन.

इथे काकांनी एक युक्ती केली, जी मला सगळ्या तक्त्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. आमच्याकडे पाठ करून त्यांनी रिव्हॉल्व्हर भरलं. पाच घरांपैकी तीन भरली, दोन रिकामी, कुठली ते सांगितलं नाही. वहिनींच्या हातात देऊन म्हणाले, चालवा. पहिली गोळी सुटली. दुसऱ्यांदा चाप ओढला आणि नुसतं टिक्. आवाज नाही, धक्का नाही. पण नळी चार बोटं खाली गेलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली.

धक्का यायच्या आधीच हात धक्क्याला उत्तर देऊन बसला होता.

"मी घाबरले नाहीये हं," वहिनी म्हणाल्या. काका म्हणाले, तुम्ही नाही, तुमचा हात. हाताला दुखलं की तो आपलं आपण शिकतो, मालकाला विचारत नाही.

हिशोब बघा. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. मेंदूला धक्का कळायच्या कितीतरी आधी गोळी निघून गेलेली असते. म्हणजे जो धक्का बसतो तो नेमाचं फारसं वाईट करत नाही. बसणार आहे असं वाटणारा धक्का नेम बिघडवतो. अर्ध्या ज्यूलच्या .२२ ला हात वाट बघत नाही. साडेसात ज्यूलच्या त्या चिमुकल्या रिव्हॉल्व्हरला तो दबा धरून बसतो.

हे एखाद्या नवख्या माणसाचंच होतं असं समजू नका. अमेरिकेच्या एफबीआयला हाच धडा गिरवायला जवळपास तीस वर्षं लागली. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन बँक दरोडेखोरांशी त्यांची चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ एमएमची गोळी हृदयापर्यंत पोहोचायच्या आत थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. निष्कर्ष निघाला की गोळी कमी पडली, मोठी हवी. मग आलं १० एमएम. ताकद भरपूर, पण पूर्ण भाराचं काडतूस बऱ्याच एजंटांच्या हातांना झेपेना. म्हणून दारू कमी केली. दारू कमी केल्यावर लक्षात आलं की एवढं लांब काडतूस लागतच नाही, आणि ते आखूड करून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू जन्माला आलं. पुढे देशभरातल्या पोलिसांनी तेच घेतलं, आणि एफबीआयनेही.

२०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने परत ९ एमएमची बाजू मांडली आणि २०१६ मध्ये नव्या ९ एमएम पिस्तुलांचं कंत्राट दिलं गेलं. कारणं दोन. मधल्या काळात गोळ्यांची रचना इतकी सुधारली की शरीरात शिरल्यावर ९ आणि .४० मधला फरक जवळपास उरला नाही. आणि बहुतेक लोक ९ एमएम जास्त वेगाने, जास्त अचूक चालवतात. म्हणजे ९ पासून निघून, मोठ्यावर जाऊन, वळसा घालून परत ९ वर. प्रत्येक वळणावर निर्णय शेवटी हाताने घेतला.

आमच्या त्या शनिवारी परतताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. सिग्नलला थांबलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "प्लेटला दोन लागल्या. उरलेल्या तीन कुठे गेल्या?"

रेंजवर त्या मागच्या मातीत गेल्या. पण इथली घरं आपल्यासारखी विटांची नसतात. लाकडाचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंना जिप्समचे पत्रे. पिस्तुलाची गोळी असल्या भिंतीतून आरपार जाते. रात्री दोन वाजता, घाबरलेल्या अवस्थेत, चार बोटं खाली गेलेली गोळी भिंतीपलीकडे जाणार. आणि त्यांच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे मुलीची खोली आहे. मित्राने दोन महिने मनात ठेवलेलं वाक्य वहिनींनीच बोलून टाकलं होतं. तो फक्त म्हणाला, "म्हणून मी गप्प होतो."

त्यानंतर त्यांच्यात जे ठरलं ते मला शहाणपणाचं वाटतं. ते छोटं रिव्हॉल्व्हर बाद. पर्समध्ये मावतं, पण सरावाला नकोसं वाटतं, आणि सराव नकोसा वाटणारं हत्यार पर्समध्येच पडून राहतं. वर आपल्याकडे काहीतरी आहे या भरवशावर माणूस निर्धास्त होतो, ते आणखी वाईट. तूर्तास काहीच विकत घ्यायचं नाही. दर शनिवारी रेंजवरचंच मध्यम आकाराचं ९ एमएम भाड्याने घ्यायचं आणि काकांनी मधेमधे खोटी काडतुसं भरून द्यायची. सलग चार शनिवार टिक् आवाजावर नळी हलली नाही, तर आणि तरच खरेदीचा विषय. तोही कुलपाची तिजोरी भिंतीत बसवल्यानंतर. पार्किंगसाठी वहिनींनी हॉस्पिटलच्या सिक्युरिटीला गाडीपर्यंत सोबत मागितली. ती मिळते, आजवर कोणी सांगितलं नव्हतं एवढंच.

आतापर्यंत दोन शनिवार झालेत. मागच्या खेपेला सहातली एक काडतुसावर नळी जरा डुलली, बाकी स्थिर. आणि मित्रही आता गप्प बसत नाही. शेजारच्या लेनमध्ये उभा राहून "वहिनीसाहेब, मूठ वर!" असं माझ्या आवाजात ओरडतो, बीपीची गोळी घेऊन.

माझ्या एक्सेलमध्ये ज्यूलचा कॉलम अजून आहे, काढला नाही. पण त्याच्या आधी तीन नवे टाकलेत: कुठलं पिस्तूल, कोणाचा हात, आणि दुसरी गोळी कुठे लागली. तुमच्यापैकी कोणाला इथे आल्यावर हौसेने किंवा गरजेने या वाटेला जायची वेळ आली, तर कॅलिबर विचारायच्या आधी हे तीन भरून बघा. आणि रेंजवरून निघताना हात साबणाने नीट धुवा. काडतुसांमध्ये शिसं असतं, आणि बाहेर पडल्यावर भूक सडकून लागते.